चढावर हँडब्रेक

पाण्याचा टँकर होता. नुसता पाण्याचा टँकर, मागून गळत, धुळीत ओली रेघ ओढत समोरून येणारा. पण पालिकेने तो कुठल्याशा उरलेल्या रंगाने रंगवून घेतला होता, मातकट हिरव्या, आणि तो रंग डोळ्यांत शिरताच माझा पाय माझ्या ब्रेकवर गेला. शिकवायच्या गाडीत शिकवणारीच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, एक क्लच असतो. शिकणारीने चूक केली तर गाडी माझ्या पायाशी राहावी म्हणून. चूक कुणीच केली नव्हती. वहिनी आपल्या बाजूने, बेताच्या वेगाने, आरशात बघत नीट चालवत होती. मी गाडी कचकन थांबवली, हात लांब करून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही पंजे, बोटं पसरून, डॅशबोर्डवर ठेवले. टँकर शेजारून गेला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि हसला. वाईट नाही हसला. असं या शहरात कुणाचं ना कुणाचं रोज होतं, परवा त्याचंही झालं असेल.

"वन्सं, टँकर होता," वहिनी म्हणाली.

"दिसला मला."

"मग हात?"

हात अजून तिथेच होते. मी ते उचलून मांडीवर घेतले. डॅशबोर्डवरच्या धुळीत दहा बोटं उमटली होती, ती मी बाहीने पुसली आणि म्हटलं, "चल, स्टार्ट कर, इंडिकेटर दे." आवाज जरा चढाच लागला. राग वहिनीचा नव्हता, टँकरवाल्याचाही नव्हता. मला न विचारता माझ्याच अंगाने परस्पर कुणाचा तरी हुकूम पाळला, त्याचा होता. दाराशी आलेल्या माणसाला घरातल्या पोराने आपल्याला न सांगता आत घेऊन बसवावं, तसं झालं. हे पोर मीच असं वळण लावून वाढवलं होतं. परदेशी फौजेचा ताफा दिसला की गाडी बाजूला, इंजिन बंद, हात डॅशबोर्डवर, बोटं पसरलेली, शेवटची गाडी जाईपर्यंत. हे कुठल्या पुस्तकात नाही, परवान्याच्या परीक्षेत विचारत नाहीत. पण माझ्या शाळेत पहिला धडा हाच. क्लच कुठे नि ब्रेक कुठे ते नंतर. नव्या बायका येतात, एकमेकींना कोपराने ढोसत बसतात, आणि मी हात पसरायला सांगितलं की बांगड्या भरून घ्यायला बसल्यासारखे हात पुढे करतात, हसतात. दोन-तीन दिवसांत हसणं जातं. मग त्या चांगल्या शिकतात. गावात मला ब्रेकबाई म्हणतात. समोर कुणी म्हणत नाही, पण आपलं टोपणनाव आपल्याला कळल्याशिवाय राहत नाही. ब्रेकबाईकडे शिकलं की बाई जिवंत घरी येते, असं म्हणतात. ही माझी जाहिरात, फुकटातली.

आज चार वाजता मला सभागृहात जायचं होतं. हेच सकाळपासून डोक्यात घणघणत होतं, म्हणूनच टँकर ताफ्यासारखा दिसला, असंही स्वतःला सांगून बघितलं. फौज ज्या देशाची, तिथली मोठी माणसं आली होती. आपली पोरं इथे ठेवावीत की परत न्यावीत, हे त्यांना ठरवायचं होतं, आणि त्यासाठी म्हणे इथल्या लोकांचं मत घ्यायचं होतं. गेल्या आठवड्यात त्यांचा अधिकारी शाळेत आला. शाळा म्हणजे काय, गाडीखाना आणि त्याच्या तोंडाशी एक टेबल. बरोबर दुभाषा. अधिकारी उंच, लाजरा, उन्हाने नाक सोललेला. टेबलाशी बसताना त्याने आधी माझ्याकडे बघून परवानगी घेतली, हे मला आवडलं आणि आवडलं म्हणून चीड आली. तो बोलला, दुभाष्याने सांगितलं: साहेब म्हणतात, आम्ही यायच्या आधी या शहरात एकही बाई गाडी चालवत नव्हती. आज तुम्ही स्वतः शिकवता. हे आमच्या लोकांनी तुमच्या तोंडून ऐकायला हवं. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो. कॅमेरे असतील. आम्ही राहावं असं तुम्हाला वाटतं, एवढं सांगितलंत तरी पुरे. चारला आमची गाडी न्यायला येईल. मी म्हटलं, बघते. दुभाष्याने त्याचं काय भाषांतर केलं कुणास ठाऊक, पण अधिकाऱ्याने दोन्ही हातांनी माझा हात धरून हलवला. आमचा दुभाषा मोठा गोड माणूस. दोन्हीकडचं दोन्हीकडे साखर लावून पोचवतो, त्यामुळे आजवर कुणाचं भांडण झालं नाही आणि कुणाला काही कळलंही नाही.

आम्ही यायच्या आधी. हे खरं होतं, हीच तर अडचण होती. ते यायच्या आधी 'ती मंडळी' होती. बाबा असेपर्यंत त्यांना कधी नावाने म्हणाले नाहीत. नुसतं 'ती मंडळी', आवाज खाली आणून, भिंतीकडे बघत. त्या मंडळींच्या काळात बाईने गाडी चालवणं सोडा, एकटीने रस्त्याच्या पलीकडे जाणंही अंगाशी यायचं. वहिनीच्या वडिलांना त्यांनी घरातून नेलं ते परत आणलं नाही. का नेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाबांची ही शाळा तेव्हा फक्त पुरुषांची. पण दुपारी सगळं शहर दारं लावून पडलेलं असताना बाबा गाडीखान्याचं शटर आतून ओढून घ्यायचे, मला स्टिअरिंगवर बसवायचे आणि स्वतः शेजारी बसायचे. इंजिन सुरू करायचं नाही, आवाज बाहेर जाईल. मग इंजिनाचा आवाज बाबा तोंडाने करायचे, दबक्या घशात, घर्रर्र. मी क्लच दाबला की आवाज मोकळा व्हायचा. मी गिअर टाकून क्लच घाईने सोडला की बाबा खोकल्यासारखा एक हिसका द्यायचे आणि गप्प व्हायचे. म्हणजे गाडी बंद पडली. समोरच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने रस्ता काढला होता, दोन बाजूंना झाडं, दूर जाऊन निमुळता झालेला. त्या रस्त्यावर मी किती वर्षं गाडी चालवली. वळणं बाबा सांगायचे. आता डावीकडे शाळा सुटलीय, पोरं येतील. आता चढ लागला. चढ लागला की त्यांचा आवाज जड व्हायचा, दम लागल्यासारखा, आणि मी थांबले रे थांबले की ते बोटाने दोघांच्या मधला दांडा दाखवायचे. चढावर आधी हँडब्रेक, मग देव. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दादा मागच्या सीटवर बसून हे सगळं बघत असायचा, त्यालाही तेच वाक्य, त्याच्या तर हाडात मुरलं होतं. सपाट जागेवर गाडी लावली तरी दादा हँडब्रेक ओढायचा, दार लावून चार पावलं जायचा आणि परत येऊन बघायचा. हा झोपताना पलंगालाही हँडब्रेक लावत असेल, असं मी म्हणायची. वहिनी नवी होती तेव्हा, तोंडावर पदर घेऊन हसायची आणि खरं-खोटं काही सांगायची नाही.

मग ती मंडळी पळाली आणि ही फौज आली. त्याच आठवड्यात मी शटर वर केलं, इंजिन सुरू केलं, खऱ्या इंजिनाचा आवाज बाबांपेक्षा बारीक वाटला, आणि मी रस्त्यावर आले. बाबा शेजारी होते. भिंत येईल म्हणून मी सारखी थांबत होते. भिंत काही आली नाही. चौकात उभ्या असलेल्या परदेशी शिपायाने मला बघून हात हलवला आणि मीही हलवला. तो हात मी नाकारत नाही. त्या दिवशी मला ते सगळे देवासारखे वाटले, आणि मी तसं म्हटलंही होतं, घरी येऊन, सगळ्यांसमोर. आई तेव्हाही म्हणाली होती, देव असले तर बरंच, पाहुणे असले तर किती दिवसांचे ते विचारून घ्या. कुणी विचारलं नाही. येताना त्यांनी आम्हाला विचारलं नाही आणि आम्ही त्यांना विचारलं नाही. आता जायच्या वेळी म्हणे आमचं मत हवं. आता मत द्यायचं म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. इतकी वर्षं राहून त्यांना आमच्या भाषेतले शब्द येतात तीन: थांबा, मागे, हात.

"वन्सं, डावीकडे घेऊ?" वहिनीने विचारलं.

"डावीकडे कशाला? सरळ मैदानाकडे चल. आज रिव्हर्स करू."

"रिव्हर्स येतो मला. डावीकडे घेते."

डावीकडे गिरणीचा चढ होता. शहरात कुठूनही कुठेही जायला तोच जवळचा रस्ता, पण दादा गेल्यापासून मी तो सोडला होता. बाजाराला वळसा घालून जायचं, पेट्रोल जास्त जायचं, कुणी काही बोलायचं नाही. माझ्याकडून परवाना घेतलेल्या सगळ्या बायका चढावरचं सुरू करणं शिकल्या त्या नदीकाठच्या बुटक्या उतारावर, ज्याला चढ म्हणणं म्हणजे डबक्याला समुद्र म्हणणं. वहिनीने इंडिकेटर दिला. टिकटिक सुरू झाली. माझा पाय ब्रेकच्या वर, अधांतरी.

"आज का?"

"आज तुम्ही जाऊन त्यांना मत देणार. मला मत नाही विचारलेलं कुणी. मला चढ तरी चढू द्या."

ती वळली. मी ब्रेक दाबला नाही. दाबायला हवा होता का, ते मला अजून ठरवता येत नाही.

रात्री जेवताना आमचं वाजलं होतं. मी म्हटलं, मी तिथे जाऊन सांगणार आहे, निघा. भीक नको पण कुत्रं आवर, असं सरळ सांगणार आहे, आणि दुभाष्याला याला साखर लावून दाखव म्हणणार आहे. मी गाडी शिकले ती बाबांच्या तोंडातून, यांच्या बंदुकीतून नाही. हे नसते आले तरी मला क्लच कुठे धरतो ते माहीत होतं. वहिनी ताटात बघत होती. म्हणाली, "तुम्हाला बाबांनी शिकवलं. मला कुणी शिकवलं असतं?" मग ती म्हणाली, माझी पोरगी शाळेत जाते. कोपऱ्यावर यांची चौकी आहे म्हणून शाळा उघडी आहे. हे गेले की ती मंडळी आठवड्यात डोंगर उतरतील, नाही उतरली तर माझे भाऊ आहेतच, विधवा बहीण गाडी चालवते म्हणून त्यांना आत्ताच तोंड लपवावं लागतं. मी म्हटलं, "वहिनी, दादाला यांनी मारलं." घरात हे वाक्य कुणी बोलत नाही. आईने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. वहिनीने वर बघितलं, डोळे कोरडे. "माझ्या नवऱ्याला यांनी मारलं, माझ्या वडिलांना त्यांनी. मला कोण आवडतं असं कुणी विचारत नाहीये, वन्सं. कुणाच्या राज्यात माझी पोरगी पाचवीत जाईल, एवढंच मी बघते. राहू देत." मी उठले, ताट तसंच. माझ्या भावाची बायको माझ्या भावाला मारणाऱ्यांना राहा म्हणते, आणि ज्यांच्यामुळे मी मोकळ्या रस्त्यावर आले त्यांना मी जा म्हणते. उलट असायला हवं होतं, निदान ऐकणाऱ्याला समजलं तरी असतं. आई म्हणाली, ते राहिले काय आणि गेले काय, भांडी आपल्यालाच घासायचीत. आणि घासायला बसली.

दादा. त्या दिवशी तो पंपावरून पेट्रोल भरून एकटाच येत होता. गिरणीच्या चढावर वरून ताफा आला. दादाने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, हात डॅशबोर्डवर ठेवले. सगळं नियमाप्रमाणे. पण या गाडीचा पायब्रेक तेव्हा इंजिन बंद झालं की ढिला पडायचा, जुनी गाडी, दुरुस्त केला की महिनाभर बरा चालायचा. गाडी हळूहळू मागे यायला लागली. मागे गिरणीच्या भिंतीच्या सावलीत दळणाचे डबे घेऊन बायका बसल्या होत्या. गिरणीवाल्याने सगळं बघितलं. तो नंतर घरी आला, अंगावर पीठ तसंच, आणि दाराशीच बसून म्हणाला, त्याने आधी हात वरच ठेवले होते हो, चांगले वर ठेवले होते, मग गाडी मागे यायला लागली, त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं, आणि मग हात खाली गेला. चढावर आधी हँडब्रेक. हात खाली गेला, कशासाठी गेला ते वरच्या शिपायाला दिसायचं कारण नव्हतं. बायकांना काही झालं नाही. गाडी जिथल्या तिथे उभी होती, दांडा पुरता ओढलेला. तो खाली सोडायला मला दोन्ही हात लावावे लागले. मग अधिकारी आले, हा नव्हे, याच्या आधीचे, टोप्या काढून बसले. दुभाष्याने सांगितलं, साहेबांना फार वाईट वाटतं, पण हात खाली गेला की आमच्या मुलांना दुसरा हुकूमच नाही. मला त्या शिपायाचा तेवढा राग नाही आला, जेवढा त्या वाक्याचा आला. राग अजून उतरलेला नाही आणि तो मी उतरवणारही नाही. घरातली माणसं गेली, निदान राग तरी राहू दे. गाडी विकली नाही, दुसरी नव्हती. काच नवी बसवली, ब्रेकचं सगळं काम नवं करून घेतलं. सीटचं कव्हर आईने शिवलं, घरातल्या जुन्या पडद्याचं, निळ्या फुलांचं. आज त्यावर वहिनी बसली होती.

चढ सुरू झाला. दुसरा गिअर. "पहिला घे," मी म्हटलं. तिने घेतला, आवाज जड झाला, बाबांच्या घशातला. उजवीकडे गिरणी, पट्टा फिरल्याची थाप-थाप, सावलीत बायका, डबे. मी समोर बघितलं. वर काही नव्हतं, मोकळा रस्ता, आभाळ. मी श्वास सोडला आणि आरशात बघितलं. मागून येत होते. या वेळी टँकर नव्हता. पुढची चिलखती गाडी, वर छपरातून छातीपर्यंत बाहेर आलेला शिपाई, मागे आणखी गाड्या, त्यांचा तो मोठा भोंगा, जो ऐकला की बाजारातली कुत्रीसुद्धा भिंतीला लागतात.

"बाजूला घे," मी म्हटलं.

"चढावर थांबायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. चढून घेते, वर घेईन बाजूला."

"वहिनी, बाजूला घे."

भोंगा वाजला. ती घाबरली, नाही असं नाही. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. रेस कमी पडली आणि क्लच नको तितका सुटला. गाडीने खोकल्यासारखा हिसका दिला आणि बंद पडली. चढाच्या मध्यावर, त्याच भिंतीसमोर. मागे चिलखती गाडी करकचून थांबली, आमच्यापासून हातभर अंतरावर असेल. दोघींनीही ब्रेक दाबला होता, ती तिचा आणि मी माझा. गाडी हलली नाही. भोंगा बंद झाला. गिरणीचा पट्टाही बंद झाला, गिरणीवाला दारात येऊन उभा. कर्ण्यातून आवाज आला, जाड, परका, आमच्या भाषेत: हात. हात.

"ऐक," मी म्हटलं. माझा आवाज मला शाळेतल्यासारखाच वाटला, शांत. "तू हात वर ठेव. ब्रेक माझ्याकडे आहे. मी गाडी धरते. ते पुढे जातील, मग निघू. हँडब्रेकची गरज नाही."

खरंच गरज नव्हती. नवा ब्रेक होता, मी संध्याकाळपर्यंत गाडी धरून ठेवली असती. त्याचसाठी तर मी या बाजूला बसते. वहिनीने हात वर केले. दोन्ही, बोटं पसरून. आरशात वरच्या शिपायाचं तोंड दिसत होतं, बंदुकीच्या मागे, अगदी पोरगेलं, ओठाला कसलंसं मलम लावलेलं.

"वन्सं, पाय काढा."

"वेड लागलंय? पोरगी घरी आहे."

"म्हणूनच. ती पण चालवेल उद्या. तिला काय शिकवायचं, चढावर मरायचं? की मागच्या बायकांवर गाडी घालायची?" ती माझ्याकडे बघत नव्हती, आरशात बघत होती. "तिच्या वडिलांनी काही चूक नव्हती केली. हे कुणीतरी करून दाखवायला नको? पाय काढा, मला माझ्या हाताने ओढायचाय."

त्या क्षणी मला सगळ्यांचा राग आला. फौजेचा, त्या मंडळींचा, सभागृहातल्या खुर्चीचा, बाबांच्या वाक्याचा, आणि ज्याने हँडब्रेकसाठी जीव दिला त्या माझ्या भावाचाही. सर्वांत जास्त माझ्या पायाचा. हा पाय मला ओळखीचा होता. इतकी वर्षं मी बायकांना गाडी शिकवत होते आणि हा पाय त्यांना थांबायला शिकवत होता. ब्रेकबाई. गाव उगाच नावं ठेवत नाही. वहिनी राहा म्हणत होती आणि त्यांच्या बंदुकीसमोर हात खाली न्यायला निघाली होती. मी जा म्हणत होते आणि त्यांचा हुकूम माझ्या पायाने त्यांच्या आधी पाळत होते. मी पाय काढला. दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि एकात एक अडकवले, लहानपणी भीतीच्या गोष्टी ऐकताना अडकवायची तसे. आता गाडी फक्त तिच्या पायात होती.

वहिनीने खिडकीतून डोकं थोडं बाहेर काढलं आणि मागे बघून, आमच्या भाषेत, बाजारात भाव विचारताना काढतात तेवढ्या आवाजात म्हणाली, "हँडब्रेक ओढतेय. गाडी मागे येईल तुमच्यावर. हँडब्रेक." परीक्षेत परीक्षकाला एकेक गोष्ट तोंडाने सांगत करतात, तसं. मग तिने मधल्या बाजूचा हात आणखी वर नेला, पंजा उघडून, काचेतून दिसेल असा फिरवला. कर्णा पुन्हा म्हणाला, हात. आणि तिने हात खाली आणला. सावकाश. मी तो खाली येताना बघितला, मनगट, घड्याळ, दादाचं घड्याळ, सैल. हात दांड्यावर पडला. कर्र कर्र कर्र.

काही झालं नाही. गिरणीवाल्याने तोंडावर हात धरला होता. आरशातला पोरगा बंदुकीवर तसाच, गाल आत ओढलेला. एवढं मात्र दिसत होतं की त्याला घाम फुटला होता, आणि मला त्याची कीव आली नाही. वहिनीने किल्ली फिरवली, इंजिन लागलं. पहिला गिअर. क्लच सोडत आणला, बॉनेट जरासं उचललं गेलं, गाडी आतून ओढ घ्यायला लागली, तिथे तिने पाय स्थिर धरला, रेस दिली, आणि दांडा खाली सोडला. गाडी बोटभरसुद्धा मागे आली नाही. नदीकाठच्या उतारावर शिकलेल्या माझ्या एकाही बाईला असं कधी साधलं नव्हतं, मलाही भिंतीसमोर नव्हतं साधलं. आम्ही निघालो. पहिल्याच गिअरमध्ये, मागच्या काचेवरची 'शिकाऊ' पाटी मिरवत, चालत्या माणसाच्या वेगाने. आणि आमच्या मागे, भोंगा न वाजवता, जगातली एवढी मोठी फौज त्याच वेगाने चढ चढत आली. दळणाच्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. एक जण हसली, मग दुसरी. टँकरवाल्यासारखं नाही, चांगलं पोटातून.

वर पोचल्यावर वहिनीने इंडिकेटर दिला, आरसा बघितला, खांद्यावरून मागे बघितलं आणि गाडी बाजूला घेतली. हात बाहेर काढून खूण केली, जा आता. ते गेले. एकामागून एक, धूळ उडवत. वरचा पोरगा जाताना वळून आमच्याकडे बघत होता, काय बघत होता तो जाणे. राहिले तर या चढावर हे पुन्हा होईल, आणि दर वेळी मागे असाच पोरगा असेल असं नाही. गेले तर डोंगरावरून कोण उतरेल ते मला माहीत आहे, आणि तेव्हाही शटर ओढून मी तोंडाने इंजिनाचा आवाज काढेन, पोरीला शिकवेन, कोळसा घरात आहे. पण आता तो आवाज भिंतीसमोर काढायचा माझा विचार नाही. ज्याला अडवायचं असेल त्याने या गाडीसमोर यावं.

वहिनीने इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला, सपाट जागेवर, आणि परत एकदा ओढून बघितला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, आणि रडतही होती.

"चारला त्यांची गाडी नको," ती नाक पुसत म्हणाली. "मी नेते तुम्हाला. याच रस्त्याने. आणि मला पण एक खुर्ची मागा. तुम्ही म्हणा जा. मी म्हणेन राहा."

"ते म्हणतील, एका घरातल्या दोघी, एक काहीतरी ठरवा."

"म्हणू देत. इतकी वर्षं आपल्याला हात वर करायला लावलं, आता बसून ऐका म्हणावं. आणि दुभाषा नको. आपणच सावकाश बोलू. तीन शब्द येतात, चौथा शिकतील." तिने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच, चढ सुरू झाल्यापासून. बघतच राहिली. मग आवाज एकदम मऊ झाला.

"वन्सं," ती म्हणाली, "हात खाली घ्या."

मी बघितलं. पाय सीटखाली अजून एकात एक अडकलेले होते, त्यांनी शब्द पाळला होता. हात मात्र डॅशबोर्डवर होते, दोन्ही, बोटं पसरलेली, केव्हा गेले मला कळलंही नव्हतं. ताफ्याची धूळ अजून खाली बसत होती. मी एक हात उचलला. मग दुसरा. तो जरा जड गेला, पण उचलला, आणि हँडब्रेकच्या दांड्यावर ठेवला.